चित्रातले दुःख

सतराव्या शतकात युरोपात बरोक शैली बहरली आणि धार्मिक चित्रांत दुःख उघडपणे दिसू लागले. वर वळलेले डोळे, गालावरचा अश्रू, काळोखातून चेहऱ्यावर पडणारा प्रकाश. कॅराव्हॅज्जिओने मात्र १६०६च्या सुमारास येशूची आई मेरी हिचा मृत्यू रंगवताना पुढे बसलेल्या शिष्या मॅग्डलीनचा चेहराच झाकला. दिसते ती तिची वाकलेली मान. ते चित्र चर्चने नाकारले, आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

चेहऱ्याइतकेच शरीरालाही बोलू देणारे चित्र आपल्या मराठवाड्यात त्याआधी हजारेक वर्षांपासून आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. त्यात हे चित्र आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट परत आला आणि पत्नी सुंदरी कोसळली, असा प्रसंग. मान कललेली, पापण्या जड, बोटांतला जीव गेल्यासारखा. मागून एक दासी तिला सावरते, दुसरी काळजीने तोंडाकडे पाहते. अश्रू एकही नाही! मला हे चित्र बरोकच्या कितीतरी रडत्या चेहऱ्यांहून खोल वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीही भावदर्शनात त्याला इटालियन चित्रांच्या तोडीचे मानले होते.

नांदेड-लातूरहून अजिंठ्याला जाल, तेव्हा या चित्रापुढे थोडे थांबा. फ्लॅश मात्र वापरू नका, आणि सोमवारी लेणी बंद असतात.