चित्राविना चित्रशाळा



चित्रशाळेत चित्रेच नसतील तर तिकडे फिरकायचे कशाला, अशी शंका आजचा विषय ऐकून कोणाला आली असेल, तर ती रास्त आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची चित्रे पाहत आमची नजर घडली. आमच्या लेखी भिंत म्हणजे खिळा ठोकण्याची जागा.

१९५८ च्या एप्रिलात पॅरिसमध्ये ईव्ह क्लाइन या चित्रकाराने इरिस क्लेर यांच्या लहानशा दालनातले सामान हलवले, स्वतः भिंतींना पांढरा रंग दिला आणि लोकांना उद्घाटनाला बोलावले. आत काही नाही, आणि बाहेर ही गर्दी! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसलो. पुढे मायकेल ॲशरची हकीकत कळली आणि हसू ओसरले. १९७४ साली लॉस एंजलिसमध्ये क्लेअर कॉप्ली यांच्या दालनातली एक आडभिंत त्याने काढून टाकली, एवढेच. पलीकडे कचेरी होती. आलेल्या रसिकाला दिसले काय, तर चित्रांचा व्यवहार जिथे चालतो ती जागा. एरवी झाकलेले असते तेच समोर आले. क्लाइनच्या खोलीत थोडी जादूगिरी आहे. आम्हांला हा दुसरा गृहस्थ अधिक पटतो.

पण इतके लांब तरी कशाला जायचे? शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला चला. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताचा मध्यभाग वर्तुळाकार मोकळा सोडला आहे आणि खाली गोल शिळा आहे. भोवती नक्षीदार खांबांची दाटी. तरी मान वर जाते ती आभाळाकडे. हे देऊळ आहे, चित्रशाळा नव्हे, हे कबूल. परंतु दगड जिथे नाही तिथेच खरे काम आहे, हे शिलाहारांच्या काळातल्या त्या कारागिराला ठाऊक होते.

अंबाबाईचा किरणोत्सव तर आपल्या घरचाच. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. ही सारी किमया मधल्या मोकळ्या वाटेची. आणि ती वाट देवळाच्या आवारात संपत नाही. रस्त्यावरून, लोकांच्या घरांवरून पश्चिमेला जाते. कोणी एक मजला चढवला, फलक उंच लावला, की किरण अडते. काही वर्षी ते मुखापर्यंत पोचलेच नाही. चित्र फाटले तर डागडुजी होते. भरून गेलेल्या पोकळीची फिर्याद कोणत्या चौकीवर द्यावी?

आमची एक सूचना आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात एक आठवडा कोणी काही टांगू नये. दार उघडे असावे, चौकातली वर्दळ येईल तेवढी आत येऊ द्यावी. निमंत्रणपत्रिकेवर चित्रकार म्हणून कोणाचे नाव छापायचे, यावर मात्र कोल्हापुरात मोठे भांडण होईल. ते ऐकायला आम्ही पहिल्या दिवशीच हजर राहू.