देवघर परदेशी निघताना



नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं आपलं महागाव. इथली पोरं आधी यवतमाळ-नागपूरला गेली, मग पुण्याला, आता समुद्रापलीकडं निघाली. समजा, तुमचा पोरगा बायको-लेकरांसह लंडनला राहायला चालला. सून म्हणते, "मामंजी, खलबत्ता, परात, गोधड्या, देवघर, सगळं जहाजानं नेऊ." न्या की! न्हावाशेव्याच्या बंदरातून खोकी जातात. पण वाटेत कस्टमचा नाका आहे, बाप्पा.

तिथं काय विचारतात, ऐका. वस्तू तुझीच काय? वापरलेली काय? विकणार तर नाहीस? ब्रिटनचा नियम असा की माणूस आधी सलग 12 महिने तरी त्या देशाबाहेर राहिलेला असावा, सामान त्यानं किमान 6 महिने वापरलेलं असावं, आणि तिकडं नेल्यावर 12 महिने ते विकू नये, भाड्यानं देऊ नये, उसनंसुद्धा देऊ नये. आधी अर्ज करून मंजुरी घ्यायची, मग कर माफ. अमेरिकेत वापराची अट 1 वर्षाची. बाजारात मान नव्याला. नाक्यावर मात्र काळी पडलेली कढई सुटते आणि कोरी पैठणी अडकते!

मग आमचे शहाणे काय करतात? कोणाच्या तरी भाचीसाठी पाच कोऱ्या साड्या गोधडीत गुंडाळतात अन् यादीत लिहितात, 'जुने कपडे'. कपाळाला बुक्का आणि यादीत खोटं! काहून? खोकं उघडलं की पाच साड्यांपायी सगळा संसार अडतो, वर गोदामाचं भाडं. वेगळं लिहा, नवं ते नवं लिहा, कर असेल तो भरा. यादी सासू-सुनेनं बसून करावी, पॅकिंगवाल्यावर सोडू नये. सही तुमच्या पोराची असते.

आपल्याकडंही तसंच आहे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात कलम 80 आहे. परदेशातून येणाऱ्यानं खरं सांगितलं असेल, तर कर लागणारी वस्तू त्याच्या विनंतीवरून अधिकारी ठेवून घेऊ शकतो आणि देश सोडताना त्याला परत देता येते. लपवणाऱ्याला ही सोय नाही.

आता देवघराकडं या. पणजोबांच्या हातची विठ्ठलाची मूर्ती, तशीच त्यांची हातानं लिहिलेली पोथी. सुनेनं दोन्ही मऊ साडीत बांधून ठेवलीत. माउली, 1972 चा पुरावशेष कायदा सांगतो की 100 वर्षांची किंवा त्याहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. पोथी 75 वर्षांची असेल आणि तिला इतिहासाचं, साहित्याचं मोल असेल, तर तीही नाही. "घरचा देव, आम्हाला कोण अडवणार?" असं म्हणून चालत नाही. वयाची शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाला दाखवा. पुरावशेष नाही असा दाखला मिळाला तर खुशाल न्या.

नाही मिळाला, तर सून रडते. तिला वाटतं, आपण सगळे चाललो, घराला कुलूप, देवाला दिवा कोण लावणार? या रडण्याला हसू नका. दहा खोक्यांच्या यादीत तिचा जीव त्या एकाच वस्तूत अडकलेला असतो.

संतचरित्रं सांगतात, विजयनगरच्या राजानं पंढरीचा पांडुरंग हंपीला नेला. राजाच तो, त्याला कोण नाक्यावर थांबवणार? पण इकडं पंढरी ओस पडली. तेव्हा पैठणचे भानुदास महाराज, आपल्या नाथांचे पणजोबा, एवढं अंतर चालून गेले आणि देवाला घेऊन आले. देवाची माणसं इथं होती, म्हणून देव इथं आला.

तेव्हा पोरी, मूर्ती धाकट्या दिराच्या घरी दे. त्या घरच्या लेकराला पूजा शिकव, वातीचं-तेलाचं पाठवत जा, आषाढीला फोनवर दर्शन घे. पोथीचे फोटो काढून ने. लंडनच्या देव्हाऱ्यासाठी पंढरपुरातून लहानशी पितळी मूर्ती घे. आणि यादीत तिच्यापुढं 'नवीन' असं लिहायला विसरू नको, बरं का!