रेघ ओढण्याआधी



आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांच्या वाट्याला सहसा मागचा बाक येतो. शीट पूर्ण करायला रात्र पुरत नाही, तिथे या विषयांची पुस्तकं कोण उघडणार? पण आल्डो फान आइक या डच वास्तुकाराचं काम पाहिलं, की मागच्या बाकावरचे हे दोन विषय आर्किटेक्टची नजर कशी बदलतात ते कळतं.

१९४७ साली फान आइक ॲमस्टरडॅम महापालिकेत नोकरीला होते. त्यांच्याकडे एक लहानसं काम आलं: एका चौकात मुलांसाठी खेळायची जागा करायची. शहर नुकतंच महायुद्धातून बाहेर पडलं होतं. छळछावण्यांत नेलेल्या ज्यू कुटुंबांची घरं ओस पडली होती. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी जळणासाठी त्यांतली लाकडं काढून नेली आणि कित्येक घरं ढासळली. पुढे अशा रिकाम्या जागांवरही फान आइक यांनी मुलांना खेळायला जागा करून दिली. वाळूचा हौद, उड्या मारायला दगडी ठोकळे, उलटं लटकायला लोखंडी दांड्या. बस्स! हौदाचा काठ मात्र मुद्दाम रुंद ठेवलेला. त्यावर आया टेकायच्या, मुलं वाळू थापायची. आमच्याही गल्लीत अशी जागा करा, अशी पत्रं नागरिक महापालिकेला लिहू लागले. १९७८पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या.

हौदाचा तो रुंद काठ किरकोळ वाटेल, पण फान आइक यांचा सगळा विचार त्या काठावरच उभा आहे. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांचं म्हणणं असं, की खरी भेट एका माणसाच्या आतही घडत नाही आणि दुसऱ्याच्याही नाही, ती दोघांच्या मधल्या जागेत घडते. फान आइक यांनी हा विचार दाराला लावला. आत आणि बाहेर यांना तोडणारी रेघ म्हणून दाराकडे न पाहता, माणूस जिथे क्षणभर रेंगाळतो अशी जागा म्हणून ते त्याकडे पाहू लागले. ॲमस्टरडॅममधलं त्यांचं अनाथालय १९६० साली पूर्ण झालं. तिथे रस्त्यावरून थेट खोलीत शिरता येत नसे. आधी मोकळं अंगण, मग इमारतीच्या आतली गल्ली, मग त्या त्या वयाच्या मुलांचं घर. आईबाप नसलेल्या मुलाला एकदम चार भिंतींत लोटायचं नाही, ही कळकळ त्या प्लॅनमध्ये दिसते.

त्याच वर्षी ते पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये डोगोन लोकांच्या गावांत गेले. तिथे गावातली वडीलधारी मंडळी बसतात त्या मांडवाचं छप्पर इतकं बुटकं असतं, की कुणाला ताठ उभंच राहता येत नाही. रागाच्या भरात कुणी उठून अंगावर जाऊ नये, असं त्याचं कारण सांगतात. छपराची उंची भांडणाचा विचार करून ठरते, हे मापांच्या कुठल्याही कोष्टकात सापडणार नाही.

पण लोकांबद्दल आस्था असली म्हणजे सगळं साधतंच असं नाही. इजिप्तचे वास्तुकार हसन फतही मातीच्या विटांचे मोठे जाणकार. लाकडी साच्याचा आधार न घेता कमान रचण्याचं नुबियातल्या गवंड्यांचं कसब त्यांनी पुन्हा वापरात आणलं. १९४५च्या सुमारास लक्सरजवळच्या गुर्ना गावाच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे आलं. गावकरी प्राचीन थडग्यांवर घरं बांधून राहत होते आणि अनेकांची चूल त्या थडग्यांतल्या वस्तू विकून पेटत होती. फतहींनी बांधलेलं नवं गाव अतिशय देखणं, पण लोक तिथे जायला राजी झाले नाहीत आणि काम अर्धवट राहिलं. बांधकामाची परंपरा फतहींनी जिवापाड जपली. पोटापाण्याचा प्रश्न मात्र नव्या घरांनी सुटणारा नव्हता.

याउलट, पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीचा आराखडा केला, तेव्हा सुरुवात झोपडवस्त्यांपासून झाली. ओट्यावर कोण बसतं, दुकान कुठे थाटलं जातं, झाडाखाली कोणतं काम चालतं, याचा अभ्यास झाला. मग गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, संडास-मोरी आणि एखादी खोली देऊन बाकीचं घर त्यांच्या सवडीवर सोडलं. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला.

लोक कसे राहतात ते पाहायला या कॉलेजच्या मुलामुलींना मालीला जायला नको. पुढच्या सत्रात एखाद्या चाळीत, कोळीवाड्यात किंवा पाड्यावर आठवडाभर मुक्काम करता येईल. पाणी किती वाजता येतं, वाळवण कुठे पडतं, पाहुणा घरात कुठवर येतो, म्हातारी माणसं दुपारी कुठे बसतात, हे वहीत उतरवता येईल. ज्युरीच्या दिवशी ती वही प्लॅनशेजारी मांडली जावी आणि तिला गुणही मिळावेत, अशी प्राचार्यांना आग्रहाची विनंती आहे.