दाराच्या आतून

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि मंठा, परतूर, घनसावंगीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या आईवडिलांनो,

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं आपण अभिमानाने सांगतो. इथलं बियाणं देशभर पेरलं जातं, इथल्या सळयांवर शहरांतल्या इमारती उभ्या राहतात. 1964 साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण याच जिल्ह्यातून दसरा झाला की ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच दवाखान्यात, लग्नात संपलेली असते, आणि हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. पोरगं सोबत गेलं तर त्याची निम्मी शाळा बुडते. मागे राहिलं तर आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. पुढे तेच पोरगं ‘अभ्यासात कच्चं’ ठरतं. त्याला वर्गात बसायला किती दिवस मिळाले, हे मार्कशीटवर कुठे लिहिलेलं असतं?

बरं, एवढं ओलांडूनही सगळी दारं उघडत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातले अन्सार शेख यांचे वडील रिक्षा चालवायचे. भाऊ शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला. 2015 च्या यूपीएससी परीक्षेत, पहिल्याच प्रयत्नात, अवघ्या 21 व्या वर्षी त्यांनी 361 वा क्रमांक मिळवला. पण त्याआधी पुण्यात शिकताना खोली मिळावी म्हणून त्यांना मित्राचं ‘शुभम’ हे नाव सांगावं लागलं होतं. गरिबीशी झगडणाऱ्या पोराला स्वतःचं नावही लपवावं लागावं, याचा मला आजही संताप येतो.

तुम्हालाही अशी दारं भेटतील. इंग्रजी बोलण्याची ढब, घरातली ओळख, सहा महिने बिनपगारी काम करण्याची ऐपत, हे सगळं तिथे गुणवत्ता म्हणून मोजलं जातं. ज्याच्या घराला अपयश परवडतं, तो तिसऱ्यांदाही परीक्षेला बसतो. आपल्याकडच्या मुलीचा पहिला प्रयत्न हुकला की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. तिच्यात हुशारी कमी नव्हती, तिला सवड मिळाली नाही.

म्हणून तुमच्याकडे हक्काने मागतो. उद्या तुम्ही मुलाखत घ्यायला बसाल, तेव्हा समोरच्याचे उच्चार ऐकून निकाल लावू नका. त्याला काम काय येतं ते विचारा. शहरात घर घ्याल, खोली भाड्याने द्याल, तेव्हा आडनाव ऐकून नकार देऊ नका. आणि यंदाच्या जूनमध्ये गावी जाल तेव्हा फडावरून परतलेल्या घरांतली दहावी-बारावीची मुलं शोधा. प्रवेशाचा फॉर्म, जातीचा नि उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, हे सांगणारं त्यांच्या घरात कोणी नसतं. तुम्ही तहसीलला खेटे घालून हे सगळं शिकला आहात. त्यांच्यासोबत एकदा जाऊन या.