नव्या बंदुकीचा पहिला धडा

शिपायाच्या हाती नवे शस्त्र देणे ही गोष्ट वरवर पाहता मोठी साधी दिसते. शस्त्र कोठारातून यावे, शिक्षकाने ते चालवून दाखवावे, शिपायाने तसेच करावे, की काम झाले! परंतु शस्त्र धरणारा हात एका माणसाचा असतो, आणि त्या माणसामागे त्याचे घर, त्याची पंगत आणि त्याचे गाव उभे असते. या साध्या सत्याचा विसर पडला म्हणजे काय घडते, हे १८५७ सालच्या प्रारंभी बंगालच्या सेनेत एन्फिल्ड रायफलीचे जे शिक्षण सुरू झाले, त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

त्यापूर्वी शिपायाजवळ असे ती गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक. शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड हीदेखील ठासणीचीच. पण तिच्या ३९ इंची नळीच्या आत तीन पेचदार खाचा कोरलेल्या होत्या. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे ती सहज आत उतरे. बार उडताच तिचे पोकळ बूड फुगे, ते खाचांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडे. ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा या बंदुकीच्या नेमपट्टीवर कोरलेल्या असत. जुनी बंदूक वापरलेल्या शिपायाला हे एक नवलच होते.

तिचे काडतूस कागदाचे असे. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. डाव्या हाताने उभी बंदूक सावरून धरावयाची, उजव्या हातात काडतूस घ्यावयाचे आणि त्याचे टोक दातांनी तोडावयाचे. मग दारू नळीत ओतावयाची, काडतूस उलटे करून गोळीचे टोक नळीच्या तोंडात बसवावयाचे, उरलेला कागद फाडून टाकावयाचा आणि गजाने गोळी तळापर्यंत ठासावयाची. शेवटी घोडा अर्धा चढवून टोपी बसवावयाची. काळ्या दारूची काजळी नळीत साचून घट्ट होते व पुढची गोळी अडते. म्हणून गोळीवरच्या कागदाला वंगण लावलेले असे. हे वंगण म्हणजे मेण आणि चरबी. दात लावावयाचा तो याच काडतुसाला.

ही चरबी कोणत्या प्राण्याची, हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता असे नाही. हवामानाचा परिणाम पाहण्यासाठी १८५३ साली अशी काडतुसे हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगालच्या सेनेचे अ‍ॅडज्युटंट-जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता. वंगणात जातिधर्माला बाधक असे काही नाही याची खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. तो कागद दप्तरात राहिला. तीन वर्षांनी कलकत्त्यात काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा पुरवठादाराकडून येणारी चरबी कशाची आहे, याची विशेष चौकशी कोणी केली नाही.

नवी बंदूक शिकविण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडली गेली, आणि निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तेथे पाठविण्यात आले. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून तो नाकारला. तेव्हा खलाशी उत्तरला, की गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, त्या दिवशी ही जात राहणार कोठे? तेथल्या अधिकाऱ्यांनी ही हकीकत तत्काळ वर कळविली.

सरकार स्वस्थ बसले नाही, हे खरे. जानेवारीअखेर हुकूम निघाला, की काडतुसे वंगणावाचून द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आणलेले वंगण आपल्या हाताने लावावे. पुढे दातांऐवजी बोटांनी कागद फाडण्याची कवाईतही सुरू झाली. परंतु संशय आता वंगणापुरता उरला नव्हता. कागदाला तकाकी आहे, तो जाळला की तेलकट दिसतो, असे शिपाई म्हणू लागले. जे आधी सांगावयास हवे होते, ते नंतर सांगितल्यामुळे खुलाशालाच कबुलीचे रूप आले. अफवा दूरदूर पोहोचली. मथुरेच्या यज्ञासाठी कोकणातून निघालेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातही काडतुसांची ही हकीकत आली आहे.

अंबाल्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. तेथे मार्च महिन्यात सरसेनापती अ‍ॅन्सन आले. त्यांच्याबरोबर ३६ वी पलटण होती. याच पलटणीचे दोन कनिष्ठ देशी अंमलदार केंद्रात नवी बंदूक शिकत होते. ते आपल्या सोबत्यांना भेटावयास गेले, तेव्हा ‘बाटलेले’ म्हणून त्यांचा धिक्कार झाला. केंद्रातील देशी अधिकाऱ्यांनी शिक्षक मार्टिनो यांच्यामार्फत आपली अडचण मांडली. त्यांचे म्हणणे असे, की या अफवेवर आमचा स्वतःचा विश्वास नाही. हुकूम झाला तर आम्ही बार काढू. पण घरचे लोक आणि भाऊबंद आम्हांला जवळ करणार नाहीत. सत्य त्यांना ठाऊक होते, पण ते घेऊन गावी जाण्याची सोय नव्हती. पुढे सराव सुरू करण्यात आलाच. आणि त्या दिवसांत अंबाल्याच्या छावणीत रात्री-अपरात्री आगी लागत होत्या.

मीरतला २४ एप्रिल रोजी तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांना कवाईतीस उभे केले. समोर ठेवलेली काडतुसे नेहमीची, जुनीच होती, आणि ती हातांनीच फाडावयाची होती. तरीही ८५ जणांनी त्यांना हात लावला नाही. ९ मे रोजी सगळ्यांसमक्ष त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

काडतूस हेच त्या महायुद्धाचे एकमेव कारण, असे कोणी म्हणणार नाही. संस्थाने खालसा झाली होती, अयोध्येचे राज्य गेले होते, भत्त्यांचे आणि बढत्यांचे गाऱ्हाणे जुनेच होते. मनातला विश्वास आधीच झिजला होता, म्हणून तर एका लोट्यावरून निघालेल्या बोलण्याला एवढे बळ आले. याचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उठाव मोडल्यावर देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक करण्यात आली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, पण तिच्या नळीत खाचा नव्हत्या. शिपायाचा सरकारवर विश्वास उरला नव्हता. आता सरकारचाही शिपायावर उरला नाही.

नवे साधन, नवा कायदा, नवी पद्धत लोकांच्या हाती देताना ती कशी चालते हे शिकविणे सोपे असते. तीत काय घातले आहे, ते कोठून आले, तिचा वापर करणाऱ्याला घरी काय विचारले जाईल, या प्रश्नांची उत्तरे मात्र साधन हाती देण्यापूर्वीच तयार असावी लागतात. कर्नल टकर यांनी नेमका हाच प्रश्न तीन वर्षे आधी विचारला होता. त्या एका टिपणाला वेळीच उत्तर मिळते, तर डमडमच्या शिपायाजवळ त्या खलाशाला सांगण्यासारखे काही असते.