दगडावर लिहिलं, बंद झाली

घोलवडच्या बचत गटाच्या आम्ही बाया बोलतोय.

डहाणूच्या लोकलने आपण चर्चगेटला उतरतो. जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा चर्चकडे जायचा, त्यावरून हे नाव पडलं. ते चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ सालचं. आत भिंतींवर इंग्रज साहेबांची संगमरवरी स्मारकं आहेत. त्यातलं एक जोनाथन डंकन यांचं.

डंकन सोळा वर्षांचे असताना १७७२ साली स्कॉटलंडहून हिंदुस्थानात आले, ते परत गेलेच नाहीत. १७९५ पासून ते मुंबईचे गव्हर्नर होते. १८११ साली मुंबईतच वारले. आपल्या वसईला पेशव्यांशी तह झाला, तो १८०२ साली, यांच्याच काळात. म्हणजे राज्य वाढवणारा माणूस. स्मारकावर मात्र वेगळंच लिहिलंय: बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद झाली.

बालहत्या म्हणजे मुलींची. बनारसला असताना, १७८९ साली डंकन यांना कळलं की तिकडच्या काही राजपूत घरांत मुलगी जन्मली की जगू देत नाहीत. त्यांनी त्या लोकांकडून लेखी कबुली घेतली. पुढे काठेवाडातल्या जाडेजा सरदारांकडूनही कर्नल वॉकर यांनी तसंच लिहून घेतलं. तिकडे या रीतीला 'दूधपीती' म्हणत. तान्ह्या मुलीला दुधात बुडवायचं, आणि नाव काय, तर दूध पिती! कारण विचाराल तर हुंडा, लग्नाचा खर्च आणि बरोबरीचं घर मिळत नाही ही खंत. आपल्याकडे वारली घरात नवऱ्याकडचे देज देतात, लग्न लावायला धवलेरी बाई असते. तिथे मुलगी ओझं कशी वाटणार? पण आता आपल्याकडेही हुंड्याची बोलणी ऐकू येतात, ते आम्हाला बरं वाटत नाही.

वॉकर काठेवाड सोडून जायच्या आधी काही बापांनी वाचवलेल्या लेकी त्यांच्या तंबूत आणून दाखवल्या. साहेब गेले आणि रीत पुन्हा चालू झाली. १८३४ च्या सुमारास घरोघरी मुलं मोजली, तेव्हा मुलगे पुष्कळ आणि मुली थोड्या निघाल्या. शेवटी १८७० साली कायदा करावा लागला. दगडावर मात्र 'बंद झाली' असंच आहे. आणि ज्यांच्या कुशीतून लेक उचलून नेली, त्या आयांबद्दल तिथे एक शब्द नाही.

पुढे सोनोग्राफी आली. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाने १९९४ मध्ये. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीताईंना गावातल्या लहान मुली किती, मुलगे किती, ते मोठ्याने वाचायला सांगायचं. तुमच्या गावात वाचलं, तर आम्हाला रेडिओवर कळवा.