निर्जीव ग्रहाचा खेळ
(विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



संगणकावरचा खेळ हा भाषणाचा विषय होऊ शकतो, हे आमच्या पिढीला उशिरा पटले. पण मंगळ सजीव करण्याच्या तुमच्या खेळाचा आराखडा मी पाहिला, म्हणून चार शब्द बोलतो.

तुम्ही खेळाडूला तहान, भूक आणि प्राणवायू असे तीन काटे दिले आहेत. यंत्रे बसवली की ग्रह हिरवा होतो. मग काटे शेवटपर्यंत त्याच वेगाने का उतरतात? ग्रह पालटला आणि माणसाची धाप तशीच राहिली, तर त्याच्या कष्टाचे चीज काय झाले?

२०१६ साली स्वीडनच्या याकोब फ्रिक्सेलियस यांचा ‘टेराफॉर्मिंग मार्स’ हा पटावरचा खेळ निघाला. त्यात तापमान उणे ३० अंशांवरून ८ वर, प्राणवायू १४ टक्क्यांवर न्यायचा आणि ९ सागर भरायचे. खेळ उत्तम, पण तेथे कंपन्या खेळतात, कोणाचा श्वास कोंडत नाही. २०२४ साली पूर्ण झालेल्या ‘द प्लॅनेट क्राफ्टर’मध्ये माणूस स्वतः तहानेला, भुकेला असतो. तुमचा खेळ या वळणाचा आहे.

आता दाबाकडे या. तुमच्या आराखड्यात तो नाहीच! मंगळावर हवेचा दाब सुमारे ६ मिलिबार, आपल्या समुद्रसपाटीला १०१३. एवढ्या विरळ हवेत बर्फ तापवला तर बहुतेक ठिकाणी पाणी न होता थेट वाफच होते. खेळाडूने घाईने तळे खणले तर ते कोरडेच राहू द्या. चिडेल, पण आधी दाब वाढवायचा हे पाठ सांगितल्यावाचून शिकेल. सुमारे ६३ मिलिबारच्या खाली अंगाच्या उष्णतेलाही पाणी उकळते. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर दाबाचा पोशाख उतरवू द्या. प्राणवायूचे नळकांडे मात्र पाठीवर राहू द्या. पुढे तेही उतरेल, तेव्हा तो काटा पडद्यावरून कायमचा पुसून टाका. फक्त त्याआधी शेवाळ, किडे, रोपे यांची काळजी खेळाडूच्या गळ्यात पडलेली असावी, नाहीतर भीती संपताच तो उठून जाईल.

एक अडचण उरते. २०१८ साली जाकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. मंगळावरचा हाती लागण्याजोगा सारा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला, तरी दाब २० मिलिबारच्या आसपासच अडकतो. हे ऐकून नाउमेद होऊ नका. खेळाच्या मध्यावर याहून चांगला पेच तुम्हाला सुचला नसता. ध्रुवावरचे बर्फ संपले, काटा विसावर थांबला, आता वायू आणायचा कोठून? धूमकेतू ओढून आणायचा, की काचेच्या घुमटाखाली छोटी वस्ती करून समाधान मानायचे? दोन्ही वाटा खुल्या ठेवा आणि दोन्हींची किंमत वेगळी ठेवा. आराखडा असा दुरुस्त करून आणलात, तर पहिला डाव मी खेळेन. तोही तरुणांच्या मदतीवाचून.